मोजमाप वही, पान सत्तावीस

दर्शनी भिंत : काळा दगड, घडीव. जाडी अडीच फूट.
टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं
मन्साराम दारसिंबेच्या. तीस वर्षं चौकीदार,
कुलूप काढण्याआधी दारावर टकटक करतो.
आत कुणी नाही.
तरी करतो.

खिडक्या उंच, अरुंद, टोकदार कमानींच्या,
जणू ऊन म्हणजे क्वचित येणारा पाहुणा,
त्याला उभ्याउभ्या आत घ्यायचं.
मेळघाटात. वैशाखात.

दिवाणखान्यात साहेबाची शेकोटी, पाच फूट रुंद.
“इतल्या मोठ्या चुलीवर काय रांधत होते मंग?”
काही नाही, म्हटलं. नुसती ऊब.
तो चुलीकडे बघत राहिला,
एखाद्या वाया गेलेल्या पोराकडे बघावं तसा.

धुराड्याची उंची : घेतली नाही.
कारण : आग्या मोहोळ.

दारावर नकाशाप्रमाणे सिंह हवा होता.
पाथरवटानं सिंह पाहिलेला नव्हता,
त्यानं सेमाडोहचा वाघ कोरला
आणि वरून आयाळ चढवली.
आयाळीखाली पट्टे अजून मोजता येतात.
अकरा.

कोपऱ्याच्या दगडांवर, चुना उडाला तिथं, खुणा :
विळा, मासा, तीन टिंबं.
दगडामागे मजुरी, म्हणून ज्याचा त्याचा हिशेब.
टिंबंवाला घाईत असावा.
मासेवाल्याच्या सांध्यात मी माझं ओळखपत्र
घालून पाहिलं. गेलं नाही.

छप्पर : उतार पंचावन्न अंश.
इथं पेन थांबलं.
हा उतार बर्फाचा. कुठल्याशा दूरच्या गावी
रात्रभर साचणाऱ्या, सकाळी घसरणाऱ्या बर्फाचा.
कागदावर आखला गेला, बोटीतून आला,
घाट चढला, आणि कुणीच खोडला नाही.

एवढा उतार कशाला रे, मन्साराम?
“मोहासाठी, मॅडम. दुसरं कायच्यासाठी राहीन?”
त्यानं वर दाखवलं. चार झाडांच्या फांद्या
कौलांवर टेकलेल्या.
चैतात रातभर टपटप,
पहाटे सगळं घरंगळून वळचणीला.
खाली दगडी पन्हळ, बांधलेली त्यांनीच.
बाया टोपल्या घेऊन येतात,
ओंजळीनं भरतात, पाचोळा निवडावा लागत नाही.
त्याची आई यायची. सुनाही येतात.

प्रयोजनाच्या रकान्यात दीड इंच जागा.
मी बर्फ लिहिलं नाही.
मोहही नाही.
लिहिलं : उतार योग्य. बदलू नये.

टेप गुंडाळताना बोटं चिकटली.
एकतिसाव्या फुटापाशी मुंग्या.