पाठमोरी धाव

कॉर्डेल व्हिटफील्डचा चेहरा मी फार उशिरा ओळखू लागले.
आधी ओळखीचं झालं ते त्याचं मनगट.
वय तेरा. बास्केटबॉल. रिंगला लोंबकळला आणि निसटला.
हात असा ठेव, मी म्हटलं, हलू नकोस.
तेवढंच जमत नाही, म्हणाला.

चिलिकॉथीच्या कागद गिरणीचा वास
तेव्हा एक्स-रे खोलीतही शिरायचा, शिळ्या उकडलेल्या कोबीसारखा.
त्याची आई यव्हेट पाळीवरून तशीच आलेली,
कानातले बोळे काढायचे विसरलेली,
सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं कुजबुजत होती.

पुढच्या वसंतात घोटा: लांब उडी.
(बावीस फूट चार इंच. शाळेच्या फळ्यावर अजून आहे म्हणतात.)
मग गळ्याजवळचं हाड,
बेसबॉलच्या दुसऱ्या बेसवर अंग झोकून दिलं म्हणून.
कुठलं हाड आलंय ते पाहून
मला कळायचं बाहेर कुठला ऋतू चालू आहे.

पोरगा कुणाचा, यावर गावात भांडणं.
शेवटी फुटबॉलनं नेला. इथला फुटबॉल,
हातांनी धरायचा, दोन्हीकडून निमुळता.
आणि त्यातही बॉल घेऊन पळायला नाही.
त्याला उभा केला पार कडेला,
दुसऱ्याच्या पळण्यावर पहारा द्यायला.

जन्मभर पुढे झेपावलेल्या मुलाला
कॉलेजातल्या कोचनं सांगितलं: आता मागे पळ.
आमच्याकडे उलट्या पावलांची फक्त भुतं असतात,
मी म्हटलं. तो हसला,
सुजलेला गुडघा टेबलावर जरासुद्धा न हलवता.
म्हणजे तेही शिकला होता.

डोळ्यांकडे बघायचं नाही, त्यानं मला समजावलं,
डोळे खोटं बोलतात. खांदेही.
कंबर बघायची.
कंबर जाते तिकडेच माणूस जातो.

मला माझी बहीण आठवली, मिरजेच्या मैदानावर,
खो-खोत तिची हुलकावणी इतकी खरी
की पाठलाग करणारी खांबावर आपटली होती.
तिची कंबर कुणी बघितलीच नाही.

मग दोन मोसम तो टीव्हीवर दिसला, माझ्या रात्रपाळीत.
दिसला म्हणजे, दिसला नाही.
कॅमेरा बॉलमागे जातो
आणि त्याच्या बाजूला बॉल कुणी टाकतच नव्हतं.
अख्ख्या सामन्यात समालोचकानं त्याचं नाव घेतलं नाही.
हा खेळतोय की बसलाय? डॉरीन नर्सनं विचारलं.
उत्तम खेळतोय, मी म्हटलं.
नाव घेतलं एकदाच,
पंचेचाळीस यार्डांचा पास त्याच्या बोटांवरून गेला तेव्हा.
ते मात्र चारदा दाखवलं, सावकाश.

तिसऱ्या ऑगस्टात त्याला कमी केलं.
जिममध्ये होता. फोन आला.
डावपेचांचं पुस्तक परत आणून दे म्हणाले.

काल आला होता.
दाढीत पांढरं, शाळेच्या मुलांना शिकवतो, शिट्टी गळ्यात तशीच.
माझ्या जुन्या फिल्म बघायला मिळतील?
इतकी वर्षं ठेवत नाहीत, मी सांगितलं, नियम आहे.
असू दे, म्हणाला, मूळ प्रत आहे माझ्याकडे.

फिल्म काढायची होती यव्हेटची. कंबरेची.
ती हलली नाही, एकदाही.
गिरणी बंद झाल्यापासून वासही येत नाही, म्हणाली,
जेवणाला चव नाही.

मागच्या दारी उतार आहे, त्यावर बर्फाचा पापुद्रा.
चाकाची खुर्ची तिथून उलटी उतरवायची असते,
नेणाऱ्यानं आधी, पाठ उताराकडे करून.
सांगायला मी तोंड उघडलं
तोवर तो अर्ध्यात पोचला होता,
गुडघे वाकवून, बारीक बारीक पावलं टाकत,
नजर खुर्चीवर.

यव्हेटचं तोंड माझ्याकडे.
बघतोय का गं तो मागं? तिनं ओरडून विचारलं.
बघतोय, मी म्हटलं.

तो बघत नव्हता.