अठ्ठेचाळीस इंच

बाहेर उणे बावीस.
डिकी उघडताना बोटं लोखंडाला चिकटतात,
आणि दोन काचेच्या दरवाज्यांपलीकडे
बारमाही मे महिना:
क्लोरीनचा दमट वास, त्यात कुठूनतरी पिझ्झा,
आणि चष्मा असा धुकटलेला
की चेक-इनच्या रांगेत मी
दुसऱ्याच कुणाच्या तरी बायकोला विचारतो,
"बुकिंगचा नंबर तुझ्याकडे आहे ना?"
तीही बिचारी मान डोलावते.

विस्कॉन्सिन डेल्स. पाइनहोलो लॉज.
आमचं हे पाचवं वर्ष.
प्लायवुडचे कडे, फायबरचे देवदार,
आणि मधोमध तो. मूस म्हणतात इथे,
अक्षरशः मुशीतून काढलेला.
रोज रात्री आठला गोष्ट सांगतो.
मान वळते, जबडा हलतो,
डावी पापणी मात्र अर्ध्यात अडकलेली,
त्यामुळे वणव्यात घर गेलेल्या खारीची गोष्टही
तो डोळा मारत सांगतो.
गालिच्यावर पायजम्यातली शंभर मुलं.
डब्यूकहून आलेलं एक कुटुंब, सातही जण
एकाच पिवळ्या टी-शर्टात, आजोबांसकट;
आजोबा पहिल्या वाक्याला झोपतात
आणि शेवटी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवतात.

आमच्या खोलीचं नाव अस्वलाची गुहा.
गुहेत मायक्रोवेव्ह आहे.
शर्वरी त्यात मऊ भात करते, वर मेतकूट,
आणि छतावरच्या अलार्मकडे बघून
पापडाचा बेत रद्द करते.

घसरगुंड्यांपाशी एक लाकडी खार उभी असते
हात आडवा धरून: अठ्ठेचाळीस इंच.
मोठ्या घसरगुंडीला त्याच्या वर हवं,
छोट्या बोगद्याला त्याच्या आत.
तीन वर्षं शौनकने
टाचा उचलल्या, मान ताणली,
साबण लावून केस उभे केले,
आणि खार दर वेळी नाही म्हणाली.
तेव्हाचं त्याचं रडणं मी फोनमध्ये ठेवलंय.
का, ते विचारू नका.

यंदा खारीचा हात त्याच्या कानाशी येतो.
मिहिका सहा वर्षांची. बोगद्याच्या तोंडाशी अडते.
आत काळोख, आतून पाण्याचा घोगरा आवाज.
"दादा आला तरच."
मोठ्या घसरगुंडीची रांग आज कधी नव्हे ती रिकामी.
तो तिकडे बघतो. बराच वेळ बघतो.
मग खारीच्या हाताखाली शिरून
गुडघे वाकवतो,
जरा, अजून जरा,
खांदे पाडतो, मान आत घेतो,
एवढी वर्षं ताणलेलं सगळं परत करत.
लाइफगार्ड सतरा-अठराची, दातांना तारा.
तिला गुडघे दिसतात.
शिट्टी ओठांत तशीच धरून
ती छताचे पाइप मोजू लागते.
खाली पाण्यात दोघं एकदमच येऊन पडतात.
किंचाळलं कोण, ते कळत नाही.

रात्री बर्फ आणायला गेलो
तर मूसचं डोकं उघडलेलं,
शिडीवर लायल, तोंडात दोन स्क्रू.
"तीन वर्षं पार्ट येत नव्हता," म्हणाला. "आज आला."
टॉर्च धर म्हणाला, धरला.
पापणी एकदा पूर्ण मिटली, पूर्ण उघडली.
मला ते काही बरं वाटलं नाही.

दुसऱ्या रात्री खार पुन्हा बेघर झाली,
आणि मूस सरळ बघत राहिला.
"तो रागावलाय का?" मिहिकाने विचारलं.
शौनकने, कंटाळल्यासारखं करत,
तिला स्वतःच डोळा मारून दाखवला.
त्याचा अजून एक मिटताना दुसराही मिटतो.

सकाळी मनगटावरचे पट्टे कापले.
पार्किंगपर्यंत दोनशे पावलं.
टोपी घाल म्हटलं, घातली नाही.
गाडीशी पोचेपर्यंत त्याचे ओले केस
गोठून सरळ उभे, साबणाशिवाय.
मिहिका हात लावून बघते. कडक.
मी इंजिन चालू करून
पुढची काच खरवडतो,
साफ झाल्यावरही.