नवी काठी

लॉर्नने काठी आणली, तेरा फुटी,
लाकडाची गिरणी बंद झाली तेव्हाच्या पैशांतून.
छत गळतंय ते गळतंय. एल्झी काही बोलली नाही,
फक्त बादली सरकवली.

ऑक्टोबर. किस्पिऑक्सचं पाणी बाटलीच्या काचेसारखं हिरवं,
कमरेपर्यंत थंडी, काठीच्या कड्यांत बर्फ.
तोंडात धरून तो एकेक कडी मोकळी करतो,
पुन्हा फेकतो.
काठी अजून कुणाचीच झालेली नाही;
दोर वाऱ्यात उलगडतो
आणि त्याच्याच टोपीवर येऊन बसतो.

चार तास.
पिसांची जांभळी माशी प्रवाह तिरका कापत
काठाशी येऊन थांबते.
एक पाऊल खाली. पुन्हा तेच.

मग एकदाच
काठी मुठीपर्यंत वाकली.
समुद्राहून परतलेला स्टीलहेड, निम्मा हवेत, निम्मा पाण्यात,
खालच्या वळणाकडे निघाला, चक्री किंचाळली,

आणि ढील. नुसतं पाणी.

"कुठे माशी शिंकली?" मी काठावरून ओरडलो.
तो गळ बघत राहिला:
टाचणीसारखा सरळ झालेला.

रात्री एल्झीने बादली ओतली,
येताना कोपऱ्यातली काठी उचलून पाहिली.
"एवढी हलकी?" म्हणाली.