नाळेवरचं झाकण

पिरावाडीच्या वाळूत होडी टेकून उभी,
नाळ उघडी. येईल ती लाट आत घेणारी.
आंब्याच्या खोक्यांचा पुठ्ठा जोडून
मी माप उतरवत होतो, टेपचं टोक दातांत:
डावीकडे साडेएकोणीस इंच.
उजवीकडे अठरा.
पुन्हा मोजलं.
तेवढंच.

"टेप बरोबर आसा," सगुण म्हणाला,
विडी न पेटवताच.
"होडीच वाकडी. तुझ्या आवशीन
धक्क्यार आपटल्यान एकदा.
तू पोटात होतंस तेव्वा."

आई वल्हं मारायची, हेच मला ठाऊक नव्हतं.

मग प्लाय वाकडाच कापला.
पाणी साचू नये म्हणून मधे बोटभर उंच,
त्यावर काचेची चटई, त्यावर राळ.
हार्डनरचे थेंब मोजताना सगुण बोलत राहिला
आणि माझे चुकले:
पहिला डबा ब्रशसकट दगड झाला.
कडेला सायकलची जुनी ट्यूब चिरून लावली,
बिजागऱ्या पितळी, लोखंड इथे दोन पावसाळे टिकत नाही.

संध्याकाळी तीन बादल्या ओतल्या.
झाकण उचलून हात घातला
आत, खोल, जिथे फळ्या एकमेकींना मिळतात.
कोरडं.

आई कोळंबीची टोपली काखेत घेऊन आली.
नारळ पारखावा तशी
बोटाच्या पेराने झाकणावर टकटक केली.
मग डाव्या कडेवरून हात फिरवला, सावकाश,
फुगवट्यापाशी थांबली.

"हयसर वाकडा झाला रे."

"होडीच तशी आहे," मी म्हणालो.

तिने टोपली दुसऱ्या काखेत घेतली.