काटा

मासा कापायच्या आधी मी तो दाबून बघते.
डोळ्यापेक्षा अंगठ्याला जास्त कळतं.
जाळ्यातल्याच्या कल्ल्याशी दोऱ्याचा वळ असतो,
गळाला लागलेल्याचा ओठ फाटलेला.
ह्याला काहीच नव्हतं.
खवले जागच्या जागी, शेपूट अख्खं,
लग्नाला निघाल्यासारखा.

पोट फाडलं तर आत नुसतं रक्त.
फुगा फुटलेला.
पाठीचा काटा मधोमध तुटलेला.

"ताजा आहे ना?"
बिबवेवाडीचे साहेब, दर रविवारी येतात.
म्हटलं, पहाटेचा आहे.
खोटं नव्हतं.

पहाटे डिकसळच्या पुलाखालून,
टेंपोनं हडपसर, तिथून गणेश पेठ,
बर्फात तीन पोती.
एक पोतं बोटाएवढ्या पिलांचं.
ती माणसं खात नाहीत,
कोंबडीखाद्यवाला उचलतो, वीस रुपये किलो.

आमचे आप्पा आखाड लागला की जाळं खुंटीला टांगायचे.
"बाया बाळंतपणाला निघाल्यात,
वाटेत काठी घेऊन कोण उभं राहतं?"
मग दोन महिने घरात हुलग्याचं माडगं,
आणि आईची चिडचिड.
जाळ्याचा डोळा चार बोटांचा, त्याखाली नाही.
पाणमांजरानं जाळं फाडलं की आप्पा तिच्या सात पिढ्या काढायचे,
आणि शिवून झाल्यावर
एक वाम दगडावर ठेवून यायचे.
तिचा वाटा.

शेवटचं पाणमांजर मी पाहिलं
ते वाळत घातलेलं,
चार खिळ्यांवर.

बिभीषण माझा धाकटा भाऊ.
त्याला डाव्या हाताची दोन बोटं नाहीत.
वात लवकर पेटली, म्हणाला.
त्यानंतर आईच्या फोटोवर हात ठेवून शपथ घेतली,
जिलेटिन बंद.
आता बॅटरी, दोन तारा, एक बांबू.
मरळ, शिंगाळा, कासव, पाणसाप,
सगळं एकदम वर येतं. हवं ते तो उचलतो,
बाकीचं तळाला बसतं,
तिसऱ्या दिवशी गावाला वास.
"पण ताई, बोटं राहतात," म्हणतो आणि हसतो.

बॅटरीनं काटा मोडतो, मला माहीत आहे.
फुगा बॅटरीनं फुटत नाही.

हात पुसला, फोन लावला.
"बोटं मोजून सांग."
तिकडं वारा, मग त्याचा आवाज, "आठ हायेत की. का गं?"
पुढं काय बोलायचं ते सुचलं नाही.
त्याची पोरगी सासवडला नर्सिंगला आहे,
फी मीच पाठवते,
ह्याच गल्ल्यातून.

"गाभोळी निघाली का? वेगळी बांधा."
निघाली. दोन्ही मुठीत मावेना इतकी.
वेगळी बांधली.

"आणि काटा काढून द्या हं,
नातीला टोचतो."

काढला.
तुटलेलाच होता,
पटकन निघाला.