वारंवारता

आमच्या खात्याची व्हॅन पांढरी. टपावर अँटेना.
लोकांना वाटतं, कुत्री पकडायला आलेत.
मी उतरते, कानाला हेडफोन,
आणि हवेत कोण कुठे बसलंय ते मोजते.
हवेलाही सात-बारा असतो
हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही.
"दिसत नाही ते विकतात कसं गं?"
लिलाव करून, आई. पट्ट्यापट्ट्यांनी.
इतके मेगाहर्ट्झ याला, इतके त्याला,
थोडे लष्कराला, थोडे विमानांना,
आणि एक बारीकशी पट्टी कुणालाच नाही.
तिथं फक्त ऐकायचं.

ती पट्टी राखायला मी नारायणगावचा रस्ता धरते.
पलीकडे खोडदच्या तबकड्या, आभाळाकडे तोंड करून,
हायड्रोजनची कुजबुज ऐकत बसलेल्या,
आणि मध्येच कुणीतरी खाकरतं.
चार दिवस शोधलं ते खाकरणं.
सापडलं टोमॅटोच्या शेडवर, पत्र्याखाली:
बिनपरवान्याचा बूस्टर, बारदानात गुंडाळलेला.

तबाजी डुंबरे यांनी आधी चहा मागवला.
"मॅडम, शेडमध्ये रेंज नव्हती.
भाव कळेपर्यंत गाडी भरून निघायची,
क्रेटमागं चाळीस रुपये पडून घ्यायचे.
तुमच्या त्या ताऱ्यांना कसली घाई आहे?"

पंचनाम्यात या प्रश्नाला रकाना नाही.
मी बूस्टर काढला. स्क्रीनवरची रेघ,
गॅस बंद केल्यावर दूध बसावं, तशी बसली.
चहा घेतला. साखर फार होती.

चाकणच्या गर्दीत मालिनीचा फोन.
मालिनी केळुसकर, मूळची वेंगुर्ल्याची,
नोकरी खडकवासल्याला,
जिथून समुद्र घाट उतरून चार तासांवर.
तिथं शेडमध्ये सिमेंटचं कुंड,
एका टोकाला फळी हलते,
ढोपराएवढी लाट येते,
आणि मालिनीचा पिवळा तरंगा तिच्यातून
एक दिवा पेटेल इतकी वीज काढतो.
एकच दिवा. साडेतीन वर्षांत.
अनुदानाचा पहिला हप्ता कुंडाची गळती बुजवण्यात गेला.
दुसऱ्यासाठी फाईल दिल्लीला. दिल्लीहून शेरा:
पुण्यास समुद्रकिनारा नाही. सबब खुलासा व्हावा.
तिनं खुलासा केला. नकाशा जोडला.
शेजारी हातानं बाणही काढला, अरबी समुद्र इकडे.
मग नवा शेरा:
तरंगा समुद्रात सोडल्यावर किनाऱ्याशी बोलणार कसा?
रेडिओचा परवाना जोडावा.
आणि परवान्याला हवं
अनुदान मंजूर झाल्याचं पत्र.

सहा वेळा गेली, सहा वेळा आली.
आमच्या भाषेत याला वारंवारता म्हणतात.

"तू आहेस ना तिथं," ती म्हणाली.

आहे.
ऑफिसात येऊन अर्ज काढला.
मंजुरीपत्र नाही. परत.
अक्षर माझं. तारीख आषाढातली.
त्या दिवशी टेबलावर चौऱ्याहत्तर अर्ज होते,
नावं वाचायची नसतात, रकाने बघायचे असतात,
आणि तो एक रकाना कोरा होता.
एवढंच.

शनिवारी खडकवासल्याला गेले, सांगायचं म्हणून.
धरणावर भुट्टेवाल्यांची रांग, सेल्फी, पोरंटोरं.
शेडमध्ये कुणी नाही. मालिनीनं फळी सुरू केली.
लाट आली. पुण्याची लाट, नळाच्या पाण्याची.
तरंगा उठला, बसला. दिवा मिणमिणला.
"मीठ टाकून बघितलंस का?" मी विचारलं.
ती हसली नाही.

हेडफोन गळ्यात होता. सवयीनं कानाला लावला,
यंत्र फिरवलं,
आणि तो बोलताना ऐकू आला,
अगदी हळू, दर दहा सेकंदांनी:
उंची इतकी. आहे.
उंची इतकी. आहे.
परवाना नव्हता त्याला.
मला माहीत होतं, तिलाही.
पंचनाम्याचं पुस्तक व्हॅनमध्ये होतं,
वरचं पान अजून तबाजींचंच.

"चहा टाकू?"
टाक, म्हटलं. साखर कमी.