सिनुनकाउपात

शब्दकोशात एवढंच आहे:
सिनुन, म्हणजे तुझा.
काउपात, म्हणजे सौदे.
नेहमी अनेकवचनी. का, ते दिलेलं नाही.

उपयोग आउलिक्कीने सांगितला.
तिची आई त्या दोघींतली एक.

कुओपिओ, एकोणीसशे अठ्ठावन्न, जूनची अखेर.
तळ्यात जाजमं धुवायचा लाकडी धक्का,
पाइनच्या साबणाचा वास, गुडघ्यापर्यंत ओले झगे.
एकाच जिन्यावर अकरा वर्षं समोरासमोर दारं
आणि रोजचं तेच,
"कशा आहात, राउतियोबाई?"
"बरी आहे. तुम्ही, हार्युबाई?"
एकीचा नवरा युद्धात राहिलेला,
दुसरीचा परत आलेला, ते जास्त अवघड.
तेही बोलून झालेलं,
पण अहो-जाहोतच.

चिंध्यांचं जाजम भिजलं की वासराएवढं जड होतं.
एकटीला पिळता येत नाही.
दोघींनी आपापल्या उजवीकडेच पीळ द्यायचा;
तोंडं समोरासमोर असली
की तोच उलटा बसतो.

जाजम निसटायला लागलं तशा
राउतियोबाई ओरडल्या,
"धर!"

धरा नाही. धर.
त्यांच्या भाषेत काय गळालं ते वेगळं,
माझ्या भाषेत सांगायचं तर
एक काना टपकन तळ्यात पडला.

जाजम वाचलं.
दोघी पीळ न सोडता उभ्या.
रीत अशी, की तू म्हणायचं आमंत्रण
मोठीनेच द्यायचं,
आणि वय तर दोघींनीही
अकरा वर्षं कुणाला कळू दिलेलं नाही.

"दहा सालचा मार्च," हार्युबाई शेवटी म्हणाल्या.
"माझं बारा. चुकलंच माझं."
"मग आता मी म्हणते."
हात झग्याला पुसला, झगाच ओला,
तसाच पुढे केला. "हिल्या."
"साइमी."

पुढे आठवडाभर
दोघी एकमेकींना काहीच म्हणेनात.
नव्या बुटासारखा चावत होता तो तू.
जिन्यात भेटल्या की हवेबद्दल बोलायच्या,
हवेला सर्वनाम लागत नाही.

"तुमच्यात कसं करतात?" आउलिक्कीने विचारलं.
मी म्हटलं, सौदा असा नसतो.
एक दिवस लक्षात येतं, झालेलं असतं.

ती जरा वेळ कॉफी ढवळत राहिली.
"आणि जाजम?"